जाळायला काढलेलं कोयनेल

मुणीसांच्या घरात राग पिढीजात होता. पण बापाचा राग ताडीबरोबर चढायचा आणि ताडीबरोबर उतरायचा. इनासचा राग कोरडा होता. काही वावगं दिसलं की तो चढायचा आणि उतरायचं नाव घेत नसे. एकोणीसशे एकोणचाळीसच्या हंगामात तांडेलानं, म्हणजे होडीच्या म्होरक्यानं, एका म्हाताऱ्या खलाशाच्या कमरेत लाथ घातली. म्हाताऱ्याचा गुन्हा एवढाच, की जाळं ओढताना त्याचा दम उखडला. इनासनं हातातला दोर टाकला आणि भर समुद्रात, सगळ्या खलाशांच्या देखत, तांडेलाच्या कानाखाली दोन वाजवल्या.

त्यानंतर उत्तनच्या एकाही होडीवर त्याला जागा मिळाली नाही. प्रत्येक जण म्हणे, "इनास, तुझं बरोबर हाय. पण तुला घेणार कोण?"

हे "बरोबर हाय, पण" त्याला शिवीपेक्षा जास्त झोंबायचं.

सहा महिने त्यानं राई-मुर्ध्याच्या मिठागरांवर मीठ वाहिलं. लढाई सुरू झालेली होती आणि भाईंदरला भरतीचा तंबू पडला होता. चोवीस वर्षांचा, छातीनं रुंद, चर्चच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला इनास एक दिवस खांद्यावरची मिठाची टोपली उतरवून सरळ त्या तंबूत शिरला. कारकुनानं नाव विचारलं, मग जात विचारली.

"किरिस्ताव," इनास म्हणाला.

"मग बरंच झालं," कारकून मान वर न करता म्हणाला. "रक्त, पू, लघवीचं भांडं, तुम्हाला कशाचा विटाळ नाही. दवाखान्याच्या पलटणीत टाकतो."

इनासची कानशिलं तापली. पण टेबलाच्या या बाजूला उभं असताना तापून काही होत नाही, हे मिठागरांनी त्याला शिकवलं होतं. त्यानं अंगठा न उठवता सही केली. तेवढंच एक उत्तर त्याच्या हातात होतं.

निघाला त्या दिवशी बायको मार्सेलीन दारात उभी राहून म्हणाली, "रागाला गाठ मारून ठेव. तिथे सगळ्यांच्या खांद्यावर बंदुका असतील." त्याची धाकटी बहीण कॉनी तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती मात्र डोंगरीच्या वळणापर्यंत मागे धावत शिव्या देत आली. "आमाला टाकून गोऱ्यांचा गू काढाया चाललास! लाज न्हाय वाटत?" बोलता बोलता ती रडायला लागली, आणि मग रडू आलं म्हणून आणखी चिडली. मुणीसांचीच पोर ती.

पुण्याच्या कॅम्पात इनासला आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम मनापासून आवडलं. जखम कशी धुवायची, पट्टी कशी बांधायची की खालचं रक्त अडणार नाही, तुटलेल्या पायाला फळी कशी लावायची. स्ट्रेचर उचलणाऱ्यांनी कदमताल कधी करायचा नसतो, पावलं मुद्दाम वेगवेगळी टाकायची, म्हणजे वरच्या माणसाला हिसका बसत नाही. हे शिकवणारा हवालदार दत्ताजी पांगारे साताऱ्याकडचा होता, बोलायला कडू आणि हातानं हलका. तो म्हणायचा, "औषध बाटलीत असतं तोवर ते पाणी. माणसाच्या पोटात गेलं की औषध." मलेरियाच्या रोग्याला कोयनेलच्या गोळ्या गिळायला लावून तो समोर उभा राहायचा, तोंड उघडायला लावून जिभेखाली बघायचा. ताप उतरला तरी सात दिवसांचा डोस पुरा झालाच पाहिजे. नाहीतर ताप परत येतो, आणि येताना यमाला घेऊन येतो.

एकोणीसशे बेचाळीसच्या जानेवारीत त्यांचं पथक रंगूनच्या धक्क्यावर उतरलं. लढणाऱ्या पलटणींच्या मागे राहायचं, जखमी उचलायचे, तंबूत आणायचे, जगवायचे आणि मागे धाडायचे, असं त्या पथकाचं काम. फरक एवढाच झाला, की लढाई पुढे जाण्याऐवजी मागेच येत राहिली. मार्च उजाडताच रंगून सोडावं लागलं. मग दोन महिने नुसती माघार. जपानी पाठीवर, डोक्यावर त्यांची विमानं आणि पायाखाली धूळ.

त्या धुळीत पलटणीच एकट्या चालत नव्हत्या. रंगूनमधली हिंदी माणसं चालत होती, लाखांनी. गोदीतले तेलुगू हमाल, ओरिया भंगी, तामिळ कारकून, दुकानदार, दाया, विधवा. ज्यांनी ते शहर उभं केलं, झाडलं, चालवलं, त्यांना शहर सोडून जाताना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. गोऱ्या कुटुंबांसाठी वाटेत वेगळ्या छावण्या होत्या, तिथे गाळलेलं पाणी होतं. बाकीच्यांसाठी डबकी होती. इनासनं हे एका नाक्यावर आपल्या डोळ्यांनी पाहिलं. एकाच विहिरीच्या दोन बाजूंना दोन पाट्या होत्या, आणि काळ्यांच्या पाटीकडचा पोहरा फुटका होता. त्यानं आपल्या पथकाचा पोहरा तिथे बांधून दिला. पांगारेनं पाहिलं आणि पाहिलं नाहीसं केलं.

मे महिन्याच्या सुरुवातीला ते चिंदविन नदीच्या काठावर पोचले. पलीकडच्या तीरापासून हिंदुस्थानची पायवाट सुरू होत होती. धक्क्याला मोजक्या आगबोटी, आणि काठावर तोफा, मोटारी, खेचरं, जखमी यांची दाटी. बोटीत माणसं जातील, सामान जाणार नाही, असा हुकूम निघाला. जे नेता येत नाही ते शत्रूच्या हाती लागता कामा नये. मोटारींची इंजिनं हातोड्यांनी फोडली गेली. तोफांच्या नळ्या निकामी केल्या गेल्या. आणि पथकाचा प्रमुख मेजर विल्मट यानं औषधांच्या पेट्या एका खड्ड्यात रचायला लावल्या. वर रॉकेल ओतायचं होतं.

पेट्या रचणाऱ्यांत इनास होता. तिसरी पेटी उचलताना त्यानं झाकणावरची अक्षरं वाचली आणि तो थांबला. कोयनेल. पत्र्याचे सीलबंद डबे, एकेकात हजार गोळ्या. अशा चार पेट्या.

खड्ड्यापासून शंभर पावलांवर सागाची झाडं होती. त्यांच्या सावलीत निर्वासित पडलेले होते, तीनशे असतील, चारशे असतील. त्यांना बोटीत जागा नव्हती. त्यांच्यातले निम्मे हुडहुडी भरून दात वाजवत होते. जवळच एक तेलुगू बाई नवऱ्याच्या अंगावर आडवी पडली होती, त्याचं थरथरणं आपल्या वजनानं थांबवायला. सकाळी पाणी न्यायला आली तेव्हा तिनं आपलं नाव अप्पलम्मा सांगितलं होतं, आणि मोडक्या हिंदुस्थानीत विचारलं होतं, "दवा है, साब?" इनासनं सांगितलं होतं, विचारून येतो.

तो मेजरसमोर जाऊन उभा राहिला. सलाम ठोकला. "साब, ये कोयनेल. उधर बुखारवाला लोग है. दस मिनट में बाँट देगा."

विल्मट वाईट माणूस नव्हता, हे इनासनं पुढे स्वतःच अनेकदा कबूल केलं, आणि कबूल करताना त्याला जास्तच चीड यायची. चार महिने तो माणूस झोपला नव्हता. जखमींना त्यानं स्वतःच्या वाटणीचं पाणी पाजलं होतं. पण त्या क्षणी त्याच्या हातात एक कागद होता, आणि कागदावर जे लिहिलं होतं त्यात झाडाखालच्या माणसांचा उल्लेख नव्हता.

"नहीं," तो म्हणाला. "इनको देगा तो कल जापानी इनसे छीन लेगा. हुकम है जलाने का."

"साब, पेट में जाएगा तो कौन छीनेगा?"

मेजरनं मान फिरवली. "हवालदार, रॉकेल."

पांगारे डबा घेऊन पुढे आला. त्याचा चेहरा लाकडासारखा झाला होता. इनासनं त्याच्याकडे पाहिलं. याच माणसानं शिकवलं होतं ना, बाटलीत असतं तोवर पाणी?

"हवालदारसाहेब, तुम्ही ओतणार?"

"मुणीस, बाजूला हो," पांगारे हलक्या आवाजात म्हणाला. "तुझं बरोबर आहे. पण हुकूम आहे."

पुन्हा तेच! उत्तनच्या बंदरावर ऐकलेलं, मिठागरावर ऐकलेलं, तेच वाक्य हजार मैलांवर या नदीकाठी उभं होतं. इनास खड्ड्यात उतरला. एक पेटी त्यानं खांद्यावर घेतली, जशी मिठाची टोपली घ्यायचा तशी, आणि झाडांकडे चालू लागला. धावला नाही. मागून मेजरची हाक आली, "हॉल्ट!" मग रिव्हॉल्व्हरचा घोडा मागे ओढल्याचा आवाज. त्याच्या पाठीचं कातडं आकसलं. शंभर पावलं. एवढं लांब तो आयुष्यात चालला नव्हता.

गोळी सुटली नाही. का सुटली नाही, हे त्याला कधीच कळलं नाही.

त्यानं पेटी फोडली. डब्याचं झाकण संगिनीनं कापलं आणि प्रत्येक कुटुंबाच्या पदरात, टोपीत, ओंजळीत मोजून गोळ्या टाकल्या. प्रत्येकाला बजावलं, "सात दिन. बुखार गया तो भी सात दिन. समझा?" अप्पलम्माच्या नवऱ्याच्या तोंडात पहिला डोस त्यानं स्वतः घातला आणि जिभेखाली बघितलं. तिनं त्याचे पाय धरले तेव्हा तो तिच्यावरच ओरडला. "पाँव मत पकडो! ये तुम्हारा था!"

मागे खड्ड्यातून काळा धूर उठला. उरलेल्या तीन पेट्या जळत होत्या. जळणाऱ्या कोयनेलचा कडू वास झाडांखाली आला तेव्हा तिथली माणसं खोकू लागली. ज्या औषधासाठी ती तडफडत होती, त्याचा त्यांना धूर मिळाला.

इनास परत आला आणि हात पुढे करून उभा राहिला. त्याला अटक झाली. पण पथकाजवळ स्ट्रेचर उचलायला माणसं कमी होती, म्हणून कैद्याचे हात मोकळे ठेवण्यात आले. नदी ओलांडल्यावर पुढचे बारा दिवस, चिखलाच्या वाटेनं, डोंगर चढून, इनासनं कैदी म्हणून जखमी वाहिले. एकाच वेळी तो सरकारचा चोर होता आणि सरकारचा हमालही. त्याच्या स्ट्रेचरवर पोटात गोळी लागलेला एक गढवाली होता. तो वाचला. इनासला त्याचं नावही कुणी सांगितलं नाही.

मणिपुरात पोचल्यावर खटला झाला. त्या कायद्यात न्यायाधीश म्हणून पथकाचा प्रमुखच बसतो. म्हणजे तक्रार विल्मटची, साक्ष विल्मटची आणि निकालही विल्मटचा. हुकूम मोडला, हा एक आरोप. सरकारी माल चोरला, हा दुसरा.

"कुछ कहना है?" त्यानं विचारलं.

"पहिला कबूल," इनास म्हणाला. मराठीत म्हणाला, दुभाष्याला करू दे काय करायचं ते. "हुकूम मोडला, पुन्हा मोडीन. पण चोर म्हणू नका. जो माल तुम्ही स्वतःच आगीत टाकत होता, तो चोरता येतो कसा? जळल्यावर ती राख कुणाची होती, सांगा."

दुभाष्यानं अर्धंच सांगितलं. सहा महिने सक्तमजुरी आणि पलटणीतून बडतर्फी. कागदावर दोन्ही कलमं लागली. पांगारे कोपऱ्यात ताठ उभा होता. इनासला बाहेर नेताना त्यानं खालमानेनं एक विडी पुढे केली. इनासनं ती घेतली नाही.

बंगालातल्या एका तुरुंगात दगड फोडून, डिसेंबरात तो सुटला. भाईंदरला गाडीतून उतरून मिठागरांच्या बांधावरून चालत दुपारी उत्तनला आला. वाऱ्याला वाळत्या बोंबलांचा वास होता. तो वास छातीत भरून घेत तो बंदराकडे वळला, आणि त्याच्या लक्षात आलं, की माणसं बघताहेत पण बोलत नाहीत.

त्याच्या आधी कागद पोचला होता. मार्सेलीनच्या नावावर इंग्रजी पत्र आलं, ते तिनं शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं, आणि मास्तरांच्या ओटीवर तेव्हा चार माणसं बसलेली होती. सरकारी औषधाची चोरी. संध्याकाळपर्यंत सगळ्या पाड्यांना ठाऊक झालं. सगळ्यांत मोठ्यानं बोलला तो कॅजिटन काका. सात होड्यांचा मालक, चर्चच्या सणात पालखीच्या पुढे चालणारा. "गावाच्या नावाला काळं लावलं पोरानं. लढाईत लोक मरतात नि हा औषधं विकतो!"

मार्सेलीननं नवऱ्याला जेवण वाढलं. तो दोन वर्षांनी घरचं कालवण जेवत होता. त्याचं ताट निम्मं झालं तेव्हा तिनं विचारलं.

"विकलंस का रे?"

इनासचा घास हातात राहिला. "काय?"

"औषध. विकलंस का?"

तो उठला, हात न धुताच बाहेर गेला. नऊ दिवस तो बायकोशी एक अक्षर बोलला नाही. मेजरनं चोर ठरवलं, ते त्यानं पाठीवर घेतलं होतं. पण हिनं विचारावं? दहाव्या दिवशी मार्सेलीननं त्याची वाट अडवली. ती काही रडणाऱ्यातली नव्हती.

"सगळा गाव मना विचारतो. मासळीच्या पाटीला हात लावण्याआधी विचारतो. मी काय सांगू? तुझ्या तोंडून 'न्हाय' ऐकलं असतं, तर एकेकाचं तोंड फोडलं असतं मी. तू मना तेवढं पण दिलं न्हायस. तुझा राग काय एकट्या तुझ्यापुरता हाय?"

इनासनं नऊ दिवसांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "न्हाय. विकलं न्हाय. वाटलं."

"बस," ती म्हणाली. पण सगळी हकीकत त्यानं तेव्हाही सांगितली नाही.

त्रेचाळीसच्या पावसानंतर ताप आला. ताप दर वर्षी यायचाच, पण त्या वर्षी तो गावात मुक्कामालाच आला. जावा बेट जपान्यांनी घेतल्यापासून कोयनेल मिळेनासं झालं होतं, कारण ते तिथल्याच झाडांच्या सालीपासून व्हायचं. पूर्वी टपाल कचेरीत पुड्या मिळत. आता खिडकीतला माणूस नुसती मान हलवायचा. उरलंसुरलं पलटणींसाठी होतं. इनासनं भाईंदर, वसई, ठाणं पालथं घातलं. चार गोळ्या नाही मिळाल्या.

आणि कॉनी तापली. डोंगरीला दिली होती तिला. अठरा वर्षांची, सहावा महिना चालू. नवऱ्यानं डोलीत घालून माहेरी आणली तेव्हा ती शुद्धीवर होती. भावाला बघून म्हणाली, "आलास का गोऱ्यांचा गू काढून?" आणि हसली. दुसऱ्या दिवशी तिला झटके आले. इनासनं तिला ओल्या फडक्यांनी पुसलं, कुशीवर निजवलं, दात आवळले जाऊ नयेत म्हणून मध्ये गुंडाळी धरली. पुण्यात शिकलेलं सगळं केलं. एकच गोष्ट हवी होती, आणि ती काय, किती आणि केव्हा द्यायची, हे त्याला आपल्या नावासारखं पाठ होतं. चौथ्या दिवशी सकाळी कॉनी गेली, पोटातल्या जिवासकट.

माती देऊन आल्यावर तो ओटीवर बसला आणि त्यानं मार्सेलीनला सगळं सांगितलं. नदी, खड्डा, चार पेट्या, धूर. "तीन पेट्या जाळल्या, मार्से. बारा डबे एकेका पेटीत. छत्तीस हजार गोळ्या. माझ्या डोळ्यांसमोर."

त्याच आठवड्यात कॅजिटन काकाची सून पाणवठ्यावर बोलून गेली, की आमच्या घरी ताप टिकत नाही, सासरेबुवांनी पहिल्यापासून गोळ्या भरून ठेवल्यात. टपाल कचेऱ्यांतल्या पुड्याच्या पुड्या त्यानं लढाईच्या सुरुवातीलाच माणसं धाडून उचलल्या होत्या. माळ्यावर दोन पेटारे होते.

इनासनं कोयता घेतला. दारात मार्सेलीननं त्याचं मनगट धरलं.

"कुठं?"

"कुलूप तोडाया."

"तू हात लावू नको. तू हात लावलास की पुन्हा चोर, नि ह्या वेळेला गावच्या तोंडानं. आदी मी मागते."

ती मागायला गेली. इनास अंगणाबाहेर उभा राहिला. कॅजिटन काका झोपाळ्यावर बसला होता, शांतपणे म्हणाला, "मार्सेलीन, माझ्या सात होड्या. पन्नास खलाशी. ते पडले तर होड्या कोण हाकणार? माझ्या माणसांना पुरलं पाहिजे. तुझं दुःख बरोबर हाय, पण मी गावाला कुठवर पुरणार?"

अंगणाबाहेर इनासच्या डोक्यात रक्त चढलं. खाकी कपडे, नदी, कागद यांतलं इथे काही नव्हतं, आणि तरी वाक्य तेच होतं. आपल्या माणसांसाठी. मग बाकीचे कोण?

मार्सेलीन मात्र तडक बाहेर आली. वाटेत तिनं नवऱ्याला एवढंच सांगितलं, "होड्या खलाशी हाकतात. मासळी कोण उचलतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीबरोबर कॅजिटनच्या होड्या बंदराला लागल्या. बोंबील, मांदेली, कोळंबी, हंगामातली सगळ्यात मोठी पकड. वाळूवर ढीग पडले. नेहमी बायकांची झुंबड उडायची. निवडायचं, धुवायचं, वाळवायला बांबूच्या वलांड्यांवर टांगायचं, पाट्या भरून बाजाराला न्यायचं, सगळं बायकांचं. त्या दिवशी साठ-सत्तर बायका आल्या आणि रिकाम्या पाट्या उपड्या घालून त्यांवर बसल्या. बाकीच्या मालकांच्या होड्या लागल्या, त्या त्यांनी उचलल्या. कॅजिटनच्या ढिगाला एकीनंही बोट लावलं नाही.

काका धावत आला. "काय चाललंय?"

व्हेरोनिका नावाच्या म्हातारीनं तोंडातलं पान एका बाजूला सारलं. तिचा नातू आठवड्यापूर्वी गेला होता. "काका, तुझी मासळी तुझ्या माणसांना पुरव. आमाला नको."

ऊन चढलं. बोंबील तर पाण्यासारखा मासा, दोन तासांत सुटायला लागतो. माश्या घोंगावू लागल्या. काकानं खलाशांना मासळी उचलायला सांगितलं. खलाशी एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. त्यांच्याच बायका पाट्यांवर बसल्या होत्या. काका शिव्या देऊ लागला. म्हणाला, पोलिसांना बोलावतो. म्हणाला, हे सगळं त्या चोराचं कारस्थान आहे.

मार्सेलीन उठली. तिचा आवाज गेल्या वर्षभराचं साठलेलं घेऊन आला. "चोर? तो जळत्या खड्ड्यातनं औषध काढून परक्या माणसांच्या तोंडात घालून आला, नि त्यापायी तुरुंगात दगड फोडले. ती माणसं आपल्या गावची पण नव्हती. तुझ्या माळ्यावर पेटारे, नि तुझ्या शेजारची कॉनी मातीत. कुणी कुणाला चोर म्हणायचं, तूच सांग!"

एकही बाई पाटीवरून उठली नाही.

दुपारपर्यंत तीन होड्यांची मासळी सडली. मग काकाची बायको एडना घरातून बाहेर पडली. ती आयुष्यात नवऱ्यापुढे कधी बोलली नव्हती, आणि आताही बोलली नाही. दोन खलाशांकडून तिनं पेटारे वाळूवर आणून ठेवले, किल्ली मार्सेलीनच्या हातात दिली आणि परत फिरली. काकानं तिला अडवलं नाही. तो सडक्या ढिगाकडे बघत होता.

पुढचा महिनाभर इनास घरोघर फिरला. गोळ्या कुणाच्याही हातात देत नसे. समोर गिळायला लावायचा, जीभ उचलून बघायचा. कुणी ताप उतरल्यावर उरलेल्या गोळ्या पुढच्या वर्षाला ठेवू म्हणालं, तर त्याच्या आवाजानं कौलं हलायची. कॅजिटनच्या होड्यांवरच्या खलाशांनाही त्यानं त्याच हिशेबानं औषध दिलं. काका स्वतः तापला तेव्हा त्याच्याही ओटीवर गेला. काका म्हणाला, "इनास, माझं चुकलंच." इनास म्हणाला, "तोंड उघड. जीभ वर कर." त्यापलीकडे त्यानं त्याला माफीबिफी काही दिली नाही. त्या वर्षी उत्तनमध्ये अकरा माणसं दगावली. शेजारच्या गावांत किती, कुणी मोजलं नाही.

लढाई संपली, मग राज्यही बदललं. अठ्ठेचाळीस साली जिल्ह्यात डास मारायच्या औषधाची फवारणी करणारी टोळी निघायची होती आणि तिला माहीतगार माणूस हवा होता. मार्सेलीननं हट्टानं त्याला अर्ज करायला लावला. छापील कागदावर एक रकाना होता: पूर्वीची नोकरी, आणि ती सुटण्याचं कारण.

इनासनं लिहिलं, "लष्करी वैद्यकीय दल. औषध जाळायचा हुकूम मोडून ते रोग्यांना दिलं म्हणून बडतर्फ."

कारकून दचकला. नव्या राज्यातला, खादी घातलेला तरुण होता. "अहो, असं लिहू नका. रकाना कोरा सोडा, कोण बघतंय? तुमचं बरोबरच आहे, पण—"

"पण काय?" इनासनं टेबलावर मूठ आपटली. दौत कलंडली. "हवालदार म्हणाला पण, काका म्हणाला पण, आता तू म्हणतोस पण! बरोबर हाय ना? मग तेच लिहिलंय. घ्यायचा तर घ्या."

अर्ज नामंजूर झाला.

दोन महिन्यांनी टोळी उत्तनला आली. पंपवाले चार, त्यांच्यावर एक निरीक्षक. कुठल्या विहिरी उघड्या, कुठल्या पाड्यात ताप पहिला येतो, कुठे भरतीचं पाणी साचून राहतं, त्यांना काही ठाऊक नव्हतं. बंदरावर ज्याला विचारलं त्यानं एकाच घराकडे बोट दाखवलं. निरीक्षक इनासच्या ओटीवर आला आणि थोडा ओशाळून म्हणाला, "मुणीस, तुमचा अर्ज वरून फेटाळला गेला. पण तुमच्याशिवाय..."

मार्सेलीनला वाटलं, आता हा त्याला हाकलणार.  इनासच्या कपाळावरची शीर तटतटली होती. मग तो उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि अंगणात उतरला.

"पंप असा धरतात?" तो पहिल्या माणसावर खेकसला. "भिंतीला मारतोयस की देवाला ओवाळतोयस? खालून वर. आधी पिण्याच्या विहिरी झाका. चला, कोपऱ्यातल्या पाड्यापासून सुरू करायचं, तिथं बारकी पोरं जास्त हायत."

आणि तो पुढे निघाला, मागे वळून न बघता, शिव्या देत.